पावडरच्या दुधामुळे लेकीला डायबिटीस झाला का?

पत्र : माझी मुलगी आठ वर्षांची आहे. चार महिन्यांपूर्वी ती सारखी पाणी मागायला लागली, रात्री अंथरुणात शू व्हायला लागली. उन्हाळा आहे म्हणून असेल, असं आम्हाला वाटलं. एका सकाळी उलट्या सुरू झाल्या आणि धाप लागली. आयसीयूत चार दिवस होती. टाइप १ डायबिटीस निघाला. आता रोज चार वेळा इन्सुलिन देतो. माझं सिझर झालं होतं, दूध पुरत नव्हतं, म्हणून दीड महिन्याची असल्यापासून तिला वरचं पावडरचं दूध दिलं. सासूबाई म्हणतात, त्यानेच झालं. मी नेटवर वाचलं, की गाईच्या दुधातलं प्रथिन आपल्या शरीरातल्या प्रथिनासारखं दिसतं आणि टी पेशी गोंधळतात. म्हणजे त्यांचं बरोबर आहे का? नात्यातल्या एकांनी प्रतिकारशक्तीचा काढा दिलाय, गहू आणि दूध बंद करायला सांगितलंय. काढा सुरू केल्यापासून इन्सुलिन निम्म्यावर आलंय. दोन महिन्यांत पूर्ण सुटेल, असं ते म्हणतात. धाकटा तीन वर्षांचा आहे. त्याचंही दूध बंद करू का? त्याला पुढच्या लसी द्यायच्या का? मी घरी शिवणकाम करते. मशीनवर बसले, की हेच डोक्यात फिरतं. परवा रात्री लेकीने विचारलं, ‘आई, माझ्या पेशी माझ्यावर का रागावल्यात?’ मला उत्तर देता आलं नाही.
— एक आई, सातारा जिल्हा

ताई,

बाकीचं पत्र दुपारी निवांत वाचलंत तरी चालेल, पण एक गोष्ट आत्ताच वाचा. इन्सुलिन बंद करायचं नाही. दोन महिन्यांनी नाही, सणावाराला नाही, ती जेवली नाही तरी नाही. डोस कमी-जास्त करायचा तो तुमच्या डॉक्टरांना फोन करून.

इन्सुलिन निम्म्यावर आलंय हे खरं आहे, पण ते काढ्यामुळे आलेलं नाही. आजार कळतो तेव्हा स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या काही बीटा पेशी अजून जिवंत असतात, पण वाढलेल्या साखरेने दमून गेलेल्या असतात. बाहेरून इन्सुलिन मिळालं, की त्यांना उसंत मिळते आणि त्या पुन्हा थोडं काम करू लागतात. काही आठवडे, काही महिने डोस खाली येतो. आम्ही डॉक्टर याला ‘हनिमून’ म्हणतो. काढा न घेणाऱ्या मुलांमध्येही हेच दिसतं. हा काळ संपतो आणि मग डोस वर जातो. तो वर जाईल तेव्हा तुमचं काही चुकलं असं समजू नका, आणि आजार उलटला म्हणून घाबरूही नका.

याच काळात इन्सुलिन थांबवलेला एक सहा वर्षांचा मुलगा मी पाहिला आहे. वडिलांनी त्याला उचलून आणलं तेव्हा त्याचे ओठ सुकून फाटले होते, श्वास खोल आणि भराभर चालला होता, आणि त्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास येत होता. तो वाचला. पण त्या बापाचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. ‘रिपोर्ट इतके चांगले येत होते हो,’ एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. तुम्ही नेटवर वाचलंत ते खोटं नाही. ते अर्धं आहे, आणि त्या अर्ध्यानेच तुमची झोप उडवली आहे. म्हणून उरलेलं अर्धं सविस्तर सांगते. टाइप १ मध्ये प्रतिकारशक्तीच्याच टी पेशी आपल्या बीटा पेशींना मारतात. हे कसं होतं ते आधी बघू.

शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी, आपल्या आत काय चाललंय याचे नमुने सतत बाहेर मांडत असते. आत बनणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे, आठ-दहा मण्यांच्या छोट्या माळेएवढे, एचएलए नावाच्या ताटलीत ठेवून ती पृष्ठभागावर आणते. टी पेशी गस्त घालत येते आणि ताटलीतला तुकडा चाचपून बघते. तो विषाणूचा निघाला, तर ती पेशी मारली जाते, म्हणजे विषाणू पसरत नाही. टी पेशीचा हा चाचपणारा हात म्हणजे तिचा रिसेप्टर. प्रत्येक टी पेशीचा हात जन्मतःच ठरलेल्या घडणीचा असतो, पुढे तो बदलत नाही.

आता जरा हिशोब करू. हे मणी म्हणजे अमिनो आम्लं, ती वीस प्रकारची असतात. दहा मण्यांची माळ ओवायची झाली, तर दहा लाख कोटींहून जास्त वेगवेगळ्या माळा होतात. आणि माणसाच्या अंगात वेगवेगळ्या घडणीचे हात किती? अंदाज दहा कोटींच्या आसपासचा आहे. एका हाताला एकच माळ ओळखता आली असती, तर बहुतेक जंतू आपल्या अंगात बिनदिक्कत शिरले असते. म्हणून निसर्गाने हात असा घडवला आहे, की एकाच हाताला पुष्कळ वेगवेगळ्या माळा धरता याव्यात. तुमच्या लेकीने आठ वर्षांत जेवढे ताप, खोकले, जुलाब पार केले ते याच गुणामुळे. हा काही तिच्या शरीरातला बिघाड नाही. तुमच्या-माझ्या प्रत्येक टी पेशीत हा गुण आहे.

कुलूप आणि किल्लीचं उदाहरण सगळीकडे देतात, पण इथे ते फसवं आहे. तुम्ही शिवणकाम करता, तर ब्लाऊजचा हूक डोळ्यांसमोर आणा. हूक दोऱ्याच्या लूपमध्ये अडकतो. ते लूप रेशमी कापडावर आहे की सुती, ब्लाऊज कुणाचा आहे, बाही कशी आहे, हे हुकाला कळत नाही. लूप नेमक्या मापाचं आणि नेमक्या जागी असलं, की झालं.

हे किती खरं आहे ते ब्रिटनमधल्या एका कामातून दिसलं. टाइप १ डायबिटीस असलेल्या एका रुग्णाच्या रक्तातून टी पेशींचा एक वाण वेगळा काढला होता. त्याचं नाव ‘वन-ई-सिक्स’. बीटा पेशी इन्सुलिन बनवताना जो कच्चा लांब धागा आधी तयार करतात, त्यातल्या दहा मण्यांच्या एका तुकड्याला या टी पेशी धरत होत्या आणि बीटा पेशीला मारत होत्या. तो तुकडा असा : अ‍ॅलनिन, ल्युसीन, ट्रिप्टोफॅन, ग्लायसीन, प्रोलीन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल, प्रोलीन आणि मग तीन अ‍ॅलनिन. कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं, की हा एकच रिसेप्टर दहा मण्यांच्या दहा लाखांहून अधिक वेगवेगळ्या माळांना प्रतिसाद देऊ शकतो. एकच हात, आणि दहा लाखांहून जास्त माळा! मी हा शोधनिबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा तो आकडा दोनदा तपासून पाहिला होता.

मग २०१६ मध्ये त्यांनी आणखी जवळून पाहिलं. या हाताची पकड मधल्या तीन मण्यांवर होती : ग्लायसीन, प्रोलीन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल. बाकीचे मणी बरेच बदलले तरी त्याला चालत होतं. क्लॉस्ट्रिडियम अस्पाराजिफॉर्मे नावाच्या एका जिवाणूच्या प्रथिनातही तसा एक तुकडा सापडला. इन्सुलिनच्या तुकड्याशेजारी तो ठेवला, तर दहापैकी चारच मणी जुळतात, मधले तीन आणि शेवटचा. तरी आपल्या टी पेशीने तो धरला, आणि स्वतःच्या शरीरातल्या तुकड्यापेक्षा जास्त घट्ट धरला.

हे तुमच्यासाठी का महत्त्वाचं आहे ते बघा. अशी एखादी टी पेशी अंगात शांत बसलेली असते. कुठल्याशा जंतूचा तुकडा तिला चांगला घट्ट सापडतो, ती जागी होते, तिच्या हजारो प्रती होतात. जंतू जातो. पण जाग्या झालेल्या त्या प्रतींना आता स्वादुपिंडातला तो सैल सापडणारा तुकडाही पुरतो. असं घडू शकतं, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. मात्र याच जिवाणूमुळे अमुक मुलाला डायबिटीस झाला, असं कुणी दाखवलेलं नाही. या दोन वाक्यांमधलं अंतर फार मोठं आहे. नेटवरच्या लेखांत नेमकं तेच गाळलेलं असतं.

तुम्ही विचाराल, अशी धोक्याची पेशी शरीर ठेवतंच कशाला? छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, लहानपणी ती चांगली मोठी असते. टी पेशींची परीक्षा तिथे होते. शरीराचे स्वतःचे नमुने तिथे दाखवतात. एखाद्या पेशीने ते फार घट्ट धरले, तर तिला तिथेच संपवतात. पण अगदी सैल धरणारी पास होते, आणि ती पास व्हावीच लागते, कारण पुढे जंतू पकडणाऱ्या पेशी याच. वन-ई-सिक्सची इन्सुलिनच्या तुकड्यावरची पकड कमालीची सैल निघाली. अशी पेशी परीक्षेतून निसटली यात नवल नाही.

शिवाय या परीक्षेत इन्सुलिनचा नमुना किती ठळक दाखवला जातो, हेही माणसागणिक वेगळं असतं. इन्सुलिनच्या जनुकाशेजारच्या एका पट्ट्यावर ते ठरतं. काहींच्या थायमसमध्ये नमुना भरपूर असतो, त्यांना या आजाराचा धोका कमी. एचएलएच्या ताटल्याही घराण्याघराण्यात वेगळ्या, आणि धोक्याचा मोठा भाग त्यांच्यावरच अवलंबून असतो. त्या ताटल्या तुम्ही निवडल्या नाहीत, तिच्या बाबांनी निवडल्या नाहीत, आणि सासूबाईंनीही नाही.

थायमसमधून निसटलेल्यांना बाहेर आवर घालणाऱ्या नियामक टी पेशीही असतात. त्यांच्या शोधासाठी शिमोन साकागुची, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चं नोबेल मिळालं. म्हणजे आजार व्हायला किती गोष्टी जुळून याव्या लागतात बघा. ताटली तशी असावी लागते, सैल हाताची पेशी निसटलेली असावी लागते, तिला कुणीतरी जागं करावं लागतं आणि आवरणाऱ्या पेशी कमी पडाव्या लागतात. यात नशिबाचा वाटा इतका मोठा आहे, की एकाच बीजाच्या जुळ्यांपैकी एकाला हा आजार झाला तरी दुसऱ्याला तो होतोच असं नाही.

आता दूध. सासूबाईंच्या बोलण्यामागे एक खरा शास्त्रीय संशय होता, हे मी लपवणार नाही. १९९२ मध्ये फिनलंडमधल्या, नुकताच हा आजार निघालेल्या मुलांच्या रक्तात, गाईच्या दुधातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाविरुद्धची प्रतिद्रव्यं (अँटीबॉडी) खूप वाढलेली आढळली. या प्रथिनाचा सतरा मण्यांचा एक तुकडा बीटा पेशीतल्या एका प्रथिनासारखा दिसतो, असंही पुढे आलं. तुम्ही जे वाचलंत त्याचं मूळ हेच. संशय वाजवी होता, म्हणून तो नीट तपासला गेला.

तपासणी अशी झाली. पंधरा देशांतली २,१५९ बाळं घेतली. सगळ्यांच्या जवळच्या नात्यात टाइप १ होता आणि ताटल्याही धोक्याच्या होत्या. आईचं दूध पुरलं नाही, की निम्म्यांना नेहमीची गाईच्या दुधाची पावडर दिली. निम्म्यांना अशी पावडर दिली, की जिच्यातलं प्रथिन आधीच बारीक फोडलेलं होतं, म्हणजे टी पेशीला फसायला सारखा दिसणारा तुकडाच उरू नये. मग सरासरी अकरा वर्षांहून जास्त काळ त्यांच्यावर लक्ष ठेवलं. निकाल २०१८ मध्ये आला. फोडलेलं प्रथिन घेणाऱ्यांत १०० पैकी ८.४ मुलांना डायबिटीस झाला, नेहमीची पावडर घेणाऱ्यांत ७.६. फरक नाही म्हणावा असाच.

ताई, तुमची लेक दीड महिन्याची होती आणि भुकेने रडत होती. तुम्ही तिला दूध दिलंत. तुमच्याकडून काहीही चुकलं नाही. हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाही. त्या पंधरा देशांतल्या आयांनी आपली बाळं घेऊन वर्षानुवर्षं खेपा घातल्या, म्हणून मला हे म्हणता येतं.

‘सारखं दिसणारं शोधा आणि बंद करा’ हा सल्ला का टिकत नाही, तेही आता तुमच्या लक्षात आलं असेल. एका हाताला दहा लाख माळा बसत असतील, तर शोधायला बसल्यावर दुधात, डाळीत, अंड्यात, कुठल्याही जिवाणूत काही ना काही सारखं सापडणारच. नुसतं सारखं दिसणं हा पुरावा होत नाही.

गव्हाचं मात्र वेगळं आहे. सीलिअ‍ॅक नावाचा एक आजार आहे. त्यात टी पेशी गव्हातल्या ग्लुटेनलाच धरतात आणि आतड्याला इजा होते. तिथे गहू बंद केला, की आतडं बरं होतं. हा आजार आणि टाइप १ यांच्या धोक्याच्या ताटल्या बऱ्याच सारख्या आहेत, म्हणून टाइप १ च्या मुलांत तो जास्त आढळतो. तेव्हा लेकीची टीटीजी नावाची रक्ततपासणी करून घ्या, सोबत थायरॉइडचीही. पण तपासणी होईपर्यंत तिची पोळी बंद करू नका. गहू बंद असताना रक्त दिलं, तर आजार असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो. तुम्ही आधीच गहू थांबवला असेल तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. रिपोर्ट चांगला आला, तर पोळी आणि दूध दोन्ही चालू ठेवायचं, मोजून आणि इन्सुलिनच्या हिशोबात बसवून. वाढत्या वयाची पोर आहे, तिची उपासमार नको.

काढा आजच थांबवा. प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून तिला हा आजार झालेला नाही. तिची प्रतिकारशक्ती भलत्या जागी काम करते आहे, तिला आणखी जोर कशासाठी द्यायचा? आणि ‘घरगुती आहे, अपाय नाही’ हेही खरं नव्हे. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये केली. ती इजा ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्तीनेच स्वतःच्या शरीरावर हल्ला केलेल्या आजारासारखी दिसत होती. त्या नोंदीवर वाद झाला हे मला माहीत आहे. पण तुमच्या बाटलीत नक्की काय आहे हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही, आणि ते आठ वर्षांच्या मुलीच्या पोटात जातंय.

धाकट्याचं दूध बंद करू नका. त्याच्या लसी वेळेवर द्या, पाच वर्षांचा बूस्टरही. डेन्मार्कमध्ये १९९० ते २००० या काळात जन्मलेल्या ७,३९,६९४ मुलांच्या नोंदी तपासल्या, लसी आणि या डायबिटीसचा संबंध सापडला नाही. भावंडाला हा आजार होण्याचा धोका, पाश्चात्त्य देशांतल्या नोंदींप्रमाणे, १०० पैकी साधारण ५. म्हणजे बहुतेक भावंडांना होत नाही. रोज त्याचं बोट टोचू नका. फक्त तो सारखं पाणी पिऊ लागला, पुन्हा अंथरूण ओलं करू लागला, वजन उतरलं, तर त्याच दिवशी बहिणीच्या शुगर मोजायच्या मशीनवर त्याची शुगर बघा. जास्त आली तर रात्र जाऊ देऊ नका.

लेकीच्या प्रश्नाला असं उत्तर देऊन बघा. तिला मशीनजवळ बसवा, एक हूक आणि दोन वेगवेगळ्या रंगांची कापडं घ्या, दोन्हीला सारखंच लूप करा. डोळे मिटून हूक लावायला सांगा. ती कुठल्याही कापडाला लावेल. मग म्हणा, तुझ्या पेशी रागावलेल्या नाहीत बाळा. त्यांना डोळे नाहीत, त्या हाताने चाचपून काम करतात, आणि एकदा त्यांना जंतू समजून भलतंच लूप सापडलं. मग ती बहुतेक विचारेल, की आता त्यांना कुणी सांगत का नाही? तर सांगा, की जगभरात माणसं त्याच कामाला लागली आहेत. टी पेशींना आवरणारं टेप्लिझुमॅब नावाचं एक औषध अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मंजूर झालंय. आजार पूर्ण दिसायच्या आधी दिलं, तर तो सरासरी दोन वर्षं लांबतो. ते तिच्यासाठी नाही, तिचा टप्पा पुढे गेला आहे, आणि हेही तिला खरं सांगा. आठ वर्षांच्या मुलांना खरं सोसतं.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना सासूबाईंना बरोबर न्या. इन्सुलिनचं पेन त्यांच्या हातात द्या, एक डोस त्यांना देऊ दे. नातीला सुई टोचताना त्यांचा हात थरथरेल. तेव्हा तुम्ही शेजारी उभ्या राहा.